झुंबरचे अकरा दिवस

झुंबर हसली आणि बोर्डावर बसलेल्या बाकी चौघींचे हात जागच्या जागी थांबले.

तसं हसू साधंच होतं. मंगळवार, सकाळी अकराचा सुमार. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डासमोरच्या उंच स्टुलावर बसून झुंबर पाचोऱ्याहून सुरतेला जोडून दिलेला एक कॉल नीट चाललाय ना, एवढंच ऐकायला क्षणभर त्या लाइनीत शिरली होती. पाचोऱ्याच्या पोस्टातून कुणी म्हातारा सुरतेच्या धाकट्या भावाला बोलावत होता, आणि सुरतेहून भावाचा शेजारी सांगत होता की, तो तर कालच गाडीत बसून तुमच्याकडे निघाला. म्हाताऱ्याला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. तो आपला 'रुपचंद, ओ रुपचंद' करत होता. तेवढ्यात त्याच्या मागून, पोस्टाच्या दारातूनच, कुणीतरी 'नाना' म्हणून हाक मारली. म्हातारा हरखून फोनमध्ये म्हणाला, "काय साफ आवाज ई ऱ्हायना रे सुरतना. जसा काय तू मन्हा मांगेच उभा शे." आणि मग तोच दुसरा आवाज, अगदी शांतपणे, "नाना, मी तुन्हा मांगेच उभा शे."

हसू झुंबरच्या पोटातून वर आलं, गळ्यापाशी अडलं, आणि मग तिनं अडवायचं सोडून दिल्यावर हॉलभर पसरलं. डोळ्यांत पाणी आलं. ती पदराला हात घालत शेजारच्या बेबाबाईला सांगायला वळली आणि तिला बेबाबाईचा चेहरा दिसला. बेबाबाई हसत नव्हती. बेबाबाई तिच्याकडे, उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी बघत होती. पलीकडच्या तिघी बोर्डाकडे तोंड करून नको इतक्या सरळ बसल्या होत्या. दिवे लागत होते, विझत होते, कुणी कॉर्ड उचलत नव्हतं. मागं सुपरवायझर पितांबरभाऊंची खुर्ची फरशीवर घासली. ते उठले, पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी टेबलावरचा फोन ओढला. डायल परत फिरतानाच्या खडखडीवरून आकडा ओळखणं ही अठरा वर्षांच्या नोकरीनं झुंबरच्या कानाला लावलेली सवय होती. तीन, एक, सात, दोन. पाटबंधाऱ्याची कचेरी. तिच्या नवऱ्याची.

तिनं हेडसेट कानावर चढवला आणि समोर लागलेल्या दिव्यात प्लग घातला. प्लग पहिल्या झटक्यात, बरोबर भोकात बसला. गेला आठवडाभर तो असाच बसत होता. हात थरथरत नव्हता. भुसावळ मागितलं की भुसावळ, चोपडा मागितलं की चोपडा, बोटं आपणहून धावत होती, आणि तिच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. खिडकीतून दिसणारा कडुनिंब तिला पान न् पान सुटं दिसत होता. हे सगळं किती चांगलं होतं. आणि त्या चांगल्यालाच आता भ्यायचं, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं.

फाल्गुनातही सुरुवात चांगलीच झाली होती. झोप कमी लागायला लागली, पण थकवा म्हणून नव्हता. पहाटे उठून तिनं आख्खं घर धुऊन काढलं, शेजारणींची घरं धुवायला मागितली. कुमुदला, नववीतल्या आपल्या लेकीला, शाळेतून मधल्या सुट्टीत उचलून पाचोऱ्याला नेलं आणि तिथून जामनेरच्या छोट्या गाडीत बसवलं. गाडी रमतगमत जाते, पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढतात, असं ती सांगत होती, आणि ते खरंही निघालं. कुमुद खिडकीला नाक लावून हसत होती. जामनेरला पोचल्या तशा दोघी त्याच गाडीनं परत आल्या. पाचोऱ्याला उतरून झुंबर म्हणाली, चल, पुन्हा. दुसऱ्या खेपेला कुमुद गप्प झाली. गाडी पुन्हा जामनेरच्या रुळावर लागली तेव्हा ती रडायला लागली, आणि झुंबरला काही केल्या कळेना, एवढ्या सुंदर दुपारी ही पोर रडते कशाला. आई माझ्याकडं बघतच नव्हती, असं कुमुदनं पुढं वडिलांना सांगितलं. नुसती बोलत होती.

मग तो दिवस. त्या दिवशी दुपारी बोर्डावर बसल्या बसल्या तिला स्वच्छ उमगलं की माणसं चुकीच्या माणसांशी बोलताहेत. रावेरचा केळीचा व्यापारी रोज दिल्लीच्या आडत्याशी भांडतो, भडगावची कुणी बाई रोज देवळालीच्या छावणीत शिपाई असलेल्या मुलाला शोधते आणि तो कधीच सापडत नाही. मग तिनं व्यापारी त्या बाईला जोडून दिला. दोघं नऊ मिनिटं बोलली. व्यापाऱ्यानं आधी कोण, कोण केलं, आणि मग तो चक्क विचारायला लागला, मुलगा कुठल्या पलटणीत आहे, जेवणखाण कसं आहे. ते ऐकताना झुंबरला रडू आलं होतं सुखाचं. मग तिनं थांबायचं कारणच उरलं नाही. हा कॉर्ड त्याला, तो याला, बोर्डावरच्या बोलायच्या किल्ल्या सगळ्या उघड्या, सगळा खानदेश एका ओट्यावर आणून बसवल्यासारखा एकमेकांशी बोलतोय, आणि मधे ती. बेबाबाईनं हात धरला तो तिनं झिडकारला. चौघांनी मिळून तिला स्टुलावरून उतरवलं तेव्हा ती हसत होती. याच हसण्यानं. त्या गोंधळात पाचोऱ्याचा एक माणूस चाळीस मिनिटं जळगावच्या डॉक्टरला मागत राहिला होता. त्याची बायको अडली होती. बाई वाचली, मूलही वाचलं, पण ते झुंबरच्या हातामुळं नव्हे. हे तिला फार उशिरा, धुळ्याच्या उपचार केंद्रातल्या खाटेवर कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ती जेवली नाही.

रतिलाल पाऊण तासात लूना घेऊन आला. तिचा नवरा उंच, वाकलेला, मोजकं बोलणारा. तो पितांबरभाऊंशी दाराशी हळू बोलला. ती काय बोलणी चालली आहेत ते तिला ओठांवरून कळत होतं. नाही, काही केलं नाही तिनं, भाऊ म्हणत होते, पण हसली. तिनं स्वतःच हेडसेट काढला, आपली कॉल लिहिलेली तिकिटं बेबाबाईपुढं नीट रचून ठेवली. बेबाबाईनं तिचा हात दाबला. तो दाबही तिला फार मोठा, फार गोड वाटला, आणि लगेच शंका आली. एवढा का वाटावा.

घरी आल्यावर रतिलालनं विचारलं, डॉक्टरांकडं जाऊन यायचं का. विचारलं खरं, पण तोवर तो पलंगाखाली वाकला होता. त्यानं निळी बॅग ओढून काढली. झुंबर बघत राहिली. बॅग भरलेली होती. दोन सुती पातळं, टॉवेल, स्टीलचा पेला, खोबरेल तेलाची बाटली, तिचा चष्म्याचा जुना डबा. बॅगेवर धूळ होती.

"ही कधी भरली?" तिनं विचारलं.

रतिलाल खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तू आलीस ना, त्याच दिवशी."

वैशाखात धुळ्याच्या केंद्रातून घरी आली होती ती. आता भादवा. पावणेचार महिने ती त्या पलंगावर झोपत होती आणि खाली ती बॅग भरलेली होती. तिला राग यायला हवा होता, तो आलाही, पण तो राग नेहमीसारखा जड नव्हता, तो फुलबाजीसारखा तडतडला आणि तिला पुन्हा हसू यायला लागलं, की बघा, हा माणूस खोबरेल तेलसुद्धा विसरला नाही. तिनं ते हसू दातांखाली धरलं. कुमुद शाळेत होती. तिच्यासाठी झाकून ठेवलेल्या भाकरीवर झुंबरनं उगीच फडकं सारखं केलं आणि बॅग उचलली. रतिलाल म्हणाला, मी घेतो. तिनं दिली नाही.

साडेबाराच्या धुळ्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बांभोरीच्या पुलावरून गिरणा दिसली, गढूळ, भरलेली, दोन्ही काठांना घासत चाललेली. पुढं काळी रानं, कपाशीला पिवळी फुलं, मधेच आदल्या दिवशीची गुलाबी पडलेली, बाजरीची कणसं, माचाणावर गोफण घेऊन उभी बाई. सगळं तिच्या डोळ्यांवर येऊन आदळत होतं आणि तिला हवंहवंसं होत होतं. एरंडोलला खाली उतरून रतिलालनं केळी आणली. तिला भूक नव्हती. ती केळ हातात धरून बसली आणि स्वतःची उलटतपासणी घ्यायला लागली, डॉक्टरांनी शिकवली होती तशी. बोलावंसं वाटतंय का. हो. शेजारच्या म्हातारीला, पुढच्या पागोटेवाल्याला, सगळ्यांना पाचोऱ्याच्या नानाची गोष्ट सांगावीशी वाटतेय. मग सांगितली का. नाही सांगितली. हे चांगलं की वाईट, तिला ठरवता येईना. रंग जास्त दिसताहेत का. हो, पण भादव्यात रंग जास्त असतातच. झोप. तिथं ती थांबली. त्याच्या पलीकडं तिनं स्वतःलाही जाऊ दिलं नाही, आणि केळ सोलायला घेतलं.

कारण झोपेच्या मागं गोळ्या होत्या. रोज सकाळी रतिलाल तांब्या घेऊन उभा राहायचा, तळहातावर गोळी द्यायचा, ती तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि गोळी जिभेखाली राहायची. एक्स्चेंजच्या न्हाणीत पहिली चूळ भरली की ती मोरीत जायची. आज अकरा दिवस झाले होते. वेडेपणानं नव्हे, हे ती शपथेवर सांगू शकली असती. नोकरीवर परत घेतलं तेव्हा तिला आनंद झाला होता, पण गोळ्यांनी हात थरथरायचा. प्लग भोकाच्या कडेला टकटक करत राहायचा, गिऱ्हाईक तिकडं हॅलो हॅलो करायचं, आणि बेबाबाई न बोलता हात लांब करून तिचा कॉल जोडून द्यायची. ती दया होती. शिवाय कानांत सरकीसकट कापूस बसवल्यासारखं सगळं लांबून यायचं. अठरा वर्षं जिनं नुसत्या श्वासावरून कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय ते ओळखलं, तिला आता माणसांचे आवाज सपाट ऐकू यायचे. चौथ्या दिवशी हात थांबला. आठव्या दिवशी कापूस निघाला. अकराव्या दिवशी पाचोऱ्याचा म्हातारा बोलला.

पारोळ्याच्या पुढं रतिलालला डुलकी लागली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. एवढा सडपातळ माणूस, पण डोकं जड होतं. त्याच्या कानामागं पांढरे केस किती झाले होते. तिला एकदम दिसलं की हा पावणेचार महिने नीट झोपलाच नसेल. ती डोळे मिटून निजल्याचं सोंग करायची आणि हा जागा राहून तिचा श्वास ऐकत असेल. तिनं खांदा हलवला नाही.

केंद्र धुळ्याच्या बाहेर, साक्री रस्त्याला लागून होतं. पूर्वी तिथं जिनिंग होतं, अजूनही लांब पत्र्याच्या शेडला आतून कापसाचा बारीक बुरा चिकटलेला दिसायचा. एका शेडमध्ये पुरुष, त्यात बहुतेक दारूचे. पलीकडच्या बैठ्या इमारतीत बायका, आठ खाटा. मागल्या वेळी झुंबर तिथं दहा आठवडे राहिली होती. पहिले आठ-दहा दिवस तिला काही आठवत नाहीत, नुसतं पत्रा तापल्याचा वास आणि कुणाचातरी हात कपाळावर. मग हळूहळू पहाटेचा चहा, अंगणात गोल करून हातपाय हलवणं, दुपारी सतरंजीवर बसून प्रत्येकानं आपलं सांगणं. तिथंच धुरपदाबाई भेटली होती. धुरपदाबाई साक्रीकडच्या खेड्यातली, पन्नाशीची, कोरडवाहू शेतीची मालकीण. नवरा गेल्यावर घरात गाळली जाणारी मोहाची दारू आधी चवीला, मग झोपेला, मग उठल्या उठल्या पाण्याच्या जागी घ्यायला लागलेली. बाई दारू पिते हे सांगायला तिची सून लाजली होती, म्हणून पोटात दुखतं असं सांगून तिला दाखल केलं होतं. सतरंजीवरच्या पहिल्याच दिवशी धुरपदाबाईनं झुंबरला निरखून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "तू उडस, मी पडस. दोन्हीस्ले आठेच आनेल शे." उडणारी आणि पडणारी, दोघींना आणलं मात्र इथंच. त्या दिवशी झुंबरला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण कुठंतरी आहोत, आणि एकट्या नाही.

डॉक्टर नेहेते ओसरीत बसले होते. बोलायला सावकाश, ऐकायला त्याहून सावकाश माणूस. त्यांनी झुंबरला समोर बसवलं आणि रतिलालला बाजूच्या बाकावर. काय झालं ते रतिलाल सांगायला लागला, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि म्हणाले, ताईंना सांगू द्या. झुंबरनं पाचोऱ्याच्या नानाची गोष्ट सांगितली. सांगताना हात हलत होते, आवाज चढत होता, दोन्ही भावांचे आवाज ती काढत होती, हे तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. डॉक्टर हसले. अगदी मोकळे हसले, चष्मा काढून डोळे पुसले. रतिलालनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

"हसण्यासारखंच आहे की ते," डॉक्टर म्हणाले. "मी असतो तर मीही हसलो असतो." झुंबरला वाटलं आता उठावं आणि नाचावं. म्हणजे आपण बऱ्या आहोत. म्हणजे हे सगळे घाबरट, पितांबरभाऊ, बेबाबाई, पलंगाखालची ती बॅग, सगळे चुकले. ती रतिलालकडं बघणार तोच डॉक्टरांनी चष्मा घातला आणि त्याच सुरात विचारलं, "काल झोप किती झाली, ताई?"

रतिलाल म्हणाला, सात तास तरी. साडेनऊला पडली, पहाटे उठली. तो मनापासून सांगत होता. झुंबरनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत गेली असती, उद्या दोनची ड्यूटी होती, हात थरथरत नव्हता. तिला ते सगळं एका क्षणात दिसलं, उद्याचा बोर्ड, परवाचा, आणखी चार दिवसांनंतरचा, प्रत्येक दिवस आदल्याहून लख्ख, आणि त्या लख्ख दिवसांच्या टोकाला छोट्या गाडीच्या खिडकीशी रडणारी कुमुद. त्या मुलीकडं तिनं पाहिलं नव्हतं. पोरगी अख्खी दुपार शेजारी बसली होती आणि आईनं पाहिलं नव्हतं.

"तीन तास," झुंबर म्हणाली. "परवा अडीच. डोळे मिटून पडते मी, यांना कळत नाही." मग उरलेलंही सांगून टाकलं. जिभेखालची गोळी, न्हाणी, अकरा दिवस. ती बोलत होती आणि रतिलालकडं न बघता तिला त्याचं बसणं ऐकू येत होतं, त्याचा श्वास, बाकाचं करकरणं. ओरडेल असं तिला वाटलं. तो ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, हात एवढा थरथरत होता तर मला का नाही सांगितलंस. तांब्या धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं.

डॉक्टर मात्र तिच्यावर नाही, स्वतःवर वैतागले. थरथर होऊ शकते हे मीच बजावून सांगायला हवं होतं, म्हणाले. त्यावर उपाय आहे, मात्रा कमी करता येते, रक्त तपासून ठरवता येतं, पण त्याला आठ-दहा दिवस डोळ्यांसमोर राहायला हवं. घरी राहूनही जमवता येईल, जरा जोखमीचं आहे, तुम्ही ठरवा. झुंबरनं विचारलं, म्हणजे मी आत्ता बिघडलेली आहे की बरी आहे. डॉक्टर म्हणाले, "चढणीवर आहात. अजून स्वतःच्या हातात आहात. तो नाना खरा आणि चढणही खरी, दोन्ही." दाखल व्हायच्या अर्जाचा कागद त्यांनी मधे ठेवला. मागल्या वेळी रतिलालनं सही केली होती, तिचे दोन्ही हात तेव्हा कुणीतरी धरलेले होते. आता तिनं पेन उचललं, आणि 'झुंबर रतिलाल पाटील' असं पूर्ण, ठळक, एका दमात लिहिलं. अक्षर देखणं आलं. तिला त्याचाही गर्व झाला.

रतिलाल जाताना फाटकापाशी घुटमळला. कुमुदला काय सांगू, म्हणाला. झुंबर म्हणाली, खरं सांगा, मी गोळ्या टाकत होते आणि मी आपणहून राहिले. तो हो म्हणाला, पण निघेना. मग म्हणाला, ती बॅग मी भरून ठेवायला नको होती. ती म्हणाली, तेल बरं झालं आणलंत, इथलं चिकट असतं. त्याच्या तोंडावर हसू आलंसं झालं आणि विरून गेलं. तो धुळ्याच्या स्टँडकडं पायीच चालायला लागला, वाकलेला, मोकळे हात हलवत.

धुरपदाबाई तिथंच होती. ती दुसऱ्यांदा आली होती, आषाढात, घरी जाऊन दोन महिने कोरडी राहिल्यावर लग्नाच्या एका मांडवात पुन्हा सुरुवात झाली म्हणून. झुंबरला दारात बघताच ती उठली. शेजारच्या खाटेवरची घडी उचलून जागा केली. मग आपणहून सांगितलं, उद्या सकाळी तिची इथून सुट्टी आहे, आणि पिशवी अजून भरलेली नाही. त्या संध्याकाळी झुंबरला गोळी दिली, सिस्टरनं जीभ वर करून दाखवायला लावली, आणि ती लाजली नाही. दिवेलागणीलाच अंगावर जाड गोधडी ओढल्यासारखी झोप आली.

सकाळी नवाला साक्रीकडची गाडी होती. धुरपदाबाईचा मुलगा फवारणीत अडकला होता, येणार नव्हता. सिस्टर म्हणाली, कुणी थांब्यापर्यंत सोबत जा. झुंबर उठली. अंग जड होतं, पण आतलं तडतडणं पुरतं विझलं नव्हतं. पायांना चालायची घाई होती. फाटक उघडून दोघी रस्ता ओलांडून बाभळीखाली उभ्या राहिल्या. धुरपदाबाईकडं पिशवी, पिशवीत गोळ्या आणि सुनेसाठी घेतलेल्या बांगड्या. ती रस्त्याकडं न बघता मातीत अंगठा घासत होती. घरात सगळे चांगले आहेत, सांगत होती. सून चांगली आहे. मोहाचं झाडसुद्धा चांगलं आहे, बांधावरच आहे, सासऱ्यांनी लावलेलं, ते काही तोडता येत नाही.

गाडी आली, थांबली. दोन माणसं उतरली. धुरपदाबाई हलली नाही. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात लावला आणि झुंबरनं त्याला हातानंच थांबवलं, अठरा वर्षं गिऱ्हाइकाला थांबवल्यासारखं. "चढ, आक्का," ती म्हणाली.

"परत पडनू तर?" धुरपदाबाईनं विचारलं. ती झुंबरकडं बघत होती, आणि तिला खोटं चालणार नव्हतं.

झुंबरला खूप काही सांगावंसं वाटलं, तोंडात शब्दांची गर्दी झाली. त्यातला एकेक तिनं मागं सारला. "तर परत ये," ती म्हणाली. "मी आली ना."

धुरपदाबाईनं पदर कमरेला खोचला आणि पायरीवर पाय ठेवला. गाडी गेली. मागं धूळ राहिली, तिच्यात ऊन. झुंबर रस्ता ओलांडायला वळली तोच उलट्या बाजूनं धुळ्याकडं जाणारी गाडी आली आणि हात न करताही तिच्यापुढं थांबली. दार बरोबर तिच्या समोर उघडलं. कंबरेला खोचलेल्या बटव्यात जळगावपर्यंतचे पैसे होते. वीस मिनिटांत धुळ्याचा स्टँड, अडीच तासांत घर, दोनच्या ड्यूटीला वेळेवर हजर. कुणी बघत नव्हतं. अंगात तेच वारं पुन्हा भरलं, आणि तिनं पाहिलं की आपला उजवा हात गाडीच्या दांडीवर आहे. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, गाडीच्या इंजिनानं थडथडत होतं. हात तिथं किती वेळ होता कुणास ठाऊक. घरी जायचं होतं तिला. कुमुदची वेणी घालायची होती. हे सगळं चांगलंच होतं, यातलं एकही वाईट नव्हतं.

कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "बाई, यायचं आहे का?"

"नाही," झुंबर म्हणाली, आणि दांडी सोडली. "मी इथं राहते सध्या."

त्यानं मागं फाटकावरच्या पाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि घंटी मारली. गाडी हलल्यावर समोरचं फाटक दिसायला लागलं, दोघी गेल्या होत्या तसंच सताड उघडं. आत अंगणात गोल धरून सगळे उभे होते, दारूचे, निराशेचे, नुकतेच आलेले, भिंतीला धरून उभे राहिलेले, हात वर, हात खाली. झुंबरला उशीर झाला होता. तिनं पदर सावरला आणि रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच ती आत शिरली.